रस्त्यावरून दिसणारी शेती

आयोवात शेती बघायला गाडीतून उतरावं लागत नाही. डे मॉइनच्या बाहेर कुठल्याही दिशेला वीस मिनिटं गेलं की तेच चित्र. पांढरं दुमजली घर, मागे चंदेरी कणग्यांची रांग, शेडच्या उघड्या दारातून दिसणारं हिरवं नाहीतर लाल कंबाइन, अंगणात दोन पिकअप. भारतातून आलेले पाहुणे काचेतून हे बघतात आणि म्हणतात, "काय श्रीमंत शेतकरी आहेत हो इथले!" आणि इथून गावी गेलेली मंडळी कऱ्हाड-विटा रस्त्याला लागली की दोन्ही बाजूंचे रंगीत बंगले मोजत म्हणतात, "शेतकरी आता गरीब राहिला नाही. मग कर्जमाफी कशाला मागतात?"

दुसरं वाक्य मी मंडळाच्या गणपतीत, संक्रांतीला, कुणाच्या डोहाळजेवणात इतक्या वेळा ऐकलंय की आता पुरे झालं. मी इथल्या एका लहान गावात करविवरणं भरून देणाऱ्या ऑफिसात काम करते. आमचे निम्मे ग्राहक शेतकरी. माझं माहेर कडेगाव तालुक्यातलं, सांगली जिल्हा. दोन्हीकडे दारातल्या गाड्याही बघायला मिळाल्या आणि आतल्या वह्याही. ग्राहकांचं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून इथलं जे लिहिते आहे ते कुणा एकाचं नाही, दर हिवाळ्यात आमच्या टेबलावर दहा-वीसदा येणारं आहे.

आधी ते कंबाइन. नवं घ्यायचं तर हेडरसकट आठ-दहा लाख डॉलर. एवढं यंत्र वर्षातले पाच-सहा आठवडे चालतं. ते बहुतेक वेळा डिसेंबरात का विकत घेतलं जातं, हे कळलं की अर्धी गोष्ट कळली. इथला शेतकरी कराचा हिशोब रोखीच्या पद्धतीने ठेवतो. ज्या वर्षी पैसे हातात आले त्या वर्षीचं उत्पन्न, ज्या वर्षी दिले त्या वर्षीचा खर्च. भाव चांगला मिळालेल्या वर्षी डिसेंबरात आमच्याकडे फोन येतो, "यंदा किती बसेल?" आकडा ऐकून पलीकडे शांतता होते. मग पुढच्या हंगामाचं बियाणं आणि खत आत्ताच पैसे भरून ठेवायचं, काही मका जानेवारीत विकायचा, आणि तरीही भागलं नाही तर यंत्र घ्यायचं. करकायद्याच्या सेक्शन १७९ प्रमाणे यंत्राची पूर्ण किंमत त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करता येते. २०२५च्या कायद्याने ही मर्यादा पंचवीस लाख डॉलर केली. साध्या मोटारीला जी वजावट मिळत नाही ती सहा हजार पौंडांवरच्या पिकअपला मिळते. दारातली पिकअप एवढी दांडगी असण्याचं कारण फक्त पुरुषी हौस नाही, काही अंशी ते करकायद्यातही आहे.

म्हणजे नवं कंबाइन खोटं नाही. कुठलं तरी एक वर्ष चांगलं गेलं होतं, एवढं ते खरं सांगतं. पण वजावट पहिल्याच वर्षी संपते आणि कर्जाचा हप्ता पाच-सात वर्षं राहतो. मुद्दलाचा हप्ता खर्चात धरता येत नाही. दरम्यान भाव पडतात. २०१२च्या दुष्काळात मक्याला बुशेलमागे (एक बुशेल म्हणजे साधारण पंचवीस किलो) देशभराचा सरासरी भाव ६.८९ डॉलर होता. चारच वर्षांनी, २०१६ला, तो ३.३६ डॉलर होता. २०२२ला पुन्हा साडेसहाच्या पुढे, २०२४ला सव्वाचारच्या आसपास. या वर-खाली होणाऱ्या भावावर न हलणारा हप्ता फेडायचा असतो. यंत्र विकून मोकळं व्हावं म्हटलं, तर कागदावर त्याची किंमत केव्हाच शून्य झालेली असते, त्यामुळे मिळेल ती सगळी रक्कम पुन्हा उत्पन्न म्हणून कराला उभी. शेती सोडणाऱ्या म्हाताऱ्याला शेवटच्या लिलावाच्या वर्षी जेवढा कर बसतो तेवढा आयुष्यात कधी बसलेला नसतो.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. चाळीस वर्षं दर चांगल्या वर्षी यंत्र घेऊन नफा खाली आणला, की सोशल सिक्युरिटीसाठी नोंदलेलं उत्पन्नही तेवढंच खाली येतं. पासष्ट-सत्तरीला पेन्शनचं पत्र येतं तेव्हा नवराबायको ते दोनदा वाचतात. ज्यांच्या शेडमध्ये वीस लाखांची यंत्रं उभी आहेत त्यांना गावातल्या शाळेच्या बसचालकाहून कमी पेन्शन, असं आम्ही पाहतो.

चंदेरी कणग्यांचंही तसंच. पाहुण्यांना वाटतं, भरलेली कणगी म्हणजे भरलेलं घर. ती भरलेली असते कारण मका विकलेला नसतो, आणि विकलेला नसतो कारण भाव नसतो. त्या न विकलेल्या मक्यावर सरकारी शेती खात्याकडून कर्ज काढता येतं आणि पुष्कळ जण काढतात. म्हणजे आतलं धान्य गहाण. कणगी बांधायलाही वेगळी सरकारी कर्जयोजना आहे.

राहिली जमीन. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या पाहणीत २०२४ला राज्यातल्या जमिनीची सरासरी किंमत एकरी ११,४६७ डॉलर आली. चारशे एकरवाला, म्हणजे इथल्या मानाने मध्यम शेतकरी, कागदोपत्री पंचेचाळीस लाख डॉलरचा धनी. पण तीच जमीन खंडाने दिली तर एकरी २८० डॉलरच्या आसपास मिळतात, त्यातून मालमत्ता कर जायचा. अडीच टक्केसुद्धा पडत नाहीत. मुदतठेवीत याहून जास्त मिळतात. अमेरिकेतल्या शेतीक्षेत्राच्या एकूण मालमत्तेत चार-पंचमांश वाटा जमीन आणि इमारतींचा आहे. हे सगळे लक्षाधीश किराणा आणायला बहुधा बायकोच्या पगारातून जातात. तिची शाळेतली किंवा हॉस्पिटलमधली नोकरी पगारापेक्षा आरोग्यविम्यासाठी असते. अमेरिकी कृषी खात्याचे आकडेही हेच सांगतात: मध्यावरच्या शेतकरी कुटुंबाचं शेतीतलं निव्वळ उत्पन्न शून्याच्या खाली आणि घर चालतं ते शेतीबाहेरच्या कमाईवर.

जमिनीच्या भावाची धुंदी इथे एकदा फार महागात पडली आहे. सत्तरच्या दशकात भाव चढत होते, बँका चढत्या जमिनीवर कर्ज देत होत्या. घरोघर दुधाच्या जनावरांसाठी निळे, काचेचा मुलामा दिलेले उंच सायलो उभे राहिले. जितके निळे सायलो तितका मोठा शेतकरी. मग १९८०च्या जानेवारीत रशियाला धान्य विकायला बंदी आली. महागाई रोखायला व्याजदर असे चढवले गेले की त्या वर्षअखेरीस बँकांचा मूळ दर एकवीस टक्क्यांच्या वर गेला. आयोवातली एकरी किंमत १९८१ला २,१४७ डॉलर होती, १९८६ला ७८७. जमीन तीच, मातीही तीच. कर्ज मात्र २,१४७च्या हिशोबाने घेतलेलं. शेतकऱ्यांसाठी दिवाळखोरीच्या कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं, ते त्याच १९८६ सालचं. त्या निळ्या सायलोंना लोक नंतर 'निळी थडगी' म्हणू लागले. आजही काही शेतांत ते रिकामे उभे आहेत. पाहुणे त्यांचे फोटो काढतात.

आता कडेगावकडे येते. दोन्हीकडे शेतकऱ्याच्या हातात पैसे कसे पडतात ते बघितलं तर हे अंतर वाटतं तेवढं नाही. इथे एलिव्हेटरवर, म्हणजे धान्य खरेदी करणाऱ्या केंद्रावर, मका घातला की पुष्कळदा चेक दोघांच्या नावाने निघतो, शेतकरी आणि त्याची बँक. बँकेची सही झाल्याशिवाय तो वटत नाही. आमच्याकडे ऊस कारखान्याला गेला की बिलातून आधी सोसायटीची वसुली होते आणि उरलेलं शेतकऱ्याच्या खात्यात पडतं. इथे जानेवारीत बँकेत बसून हंगामी कर्ज नवं करून घेतात आणि गेल्या वर्षीचं न फिटलेलं जमिनीवरच्या लांब मुदतीच्या कर्जात ढकलतात. आमच्याकडे ३१ मार्चच्या आत 'नवं-जुनं' करतात. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला व्याज नाही, म्हणून चार दिवसांसाठी कुणाकडून तरी हातउसने आणायचे, सोसायटी भरायची, नवं कर्ज उचलायचं, हातउसने परत करायचे. कागदावर शेतकरी थकबाकीदार नसतो, उलट आदर्श सभासद असतो. कर्ज मात्र फिटलेलं नसतं, फक्त पानावरून पानावर जातं.

टेंभू योजनेचं पाणी येण्यापूर्वी आमचा भाग ज्वारी-बाजरीचा, आणि पोरं बाहेर धाडण्याचा. पाणी आलं, ऊस आला, आणि त्याच सुमारास बंगलेही आले. दोन्ही एकाच वेळी दिसू लागल्यामुळे एकातून दुसरं आलं असं लोक समजतात. मी आमच्या गल्लीतले बंगले मोजले आहेत. अकरा. त्यातले तीन गलाईचे. विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी आटवण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, त्यांचे पैसे गावातल्या घरात येतात. दोन पोरांच्या पुण्यातल्या नोकरीचे. दोन फौजेच्या पेन्शनीचे. एक रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा. दोन नोकरदार सुनांच्या गृहकर्जाचे. फक्त एकच खराखुरा शेतीतून उभा राहिलेला, म्हणजे ऊस, सोबत बारा म्हशी आणि घरातली चार माणसं पहाटे चारपासून राबणारी. आणि गावात ज्यांची पतसंस्थेत सगळ्यात मोठी ठेव असं म्हणतात ते काका अजून कौलारू घरात राहतात, जुन्या लूनावर फिरतात. आयोवातही असे आहेत. वीस वर्षांची गंजलेली पिकअप, टाके घातलेलं जाकीट आणि बँकेचं एका डॉलरचंही देणं नाही.

गल्लीचं हे गणित अपवाद नाही. २०१८-१९च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकांतून ३,७९८ आणि मजुरी-पगारातून ४,०६३. शेतकरी म्हणून मोजलेल्या घरातसुद्धा मजुरी-पगार पिकापेक्षा मोठा. निम्म्या कुटुंबांवर कर्ज होतं.

मग कुणी म्हणेल, परवडत नाही तर हा देखावा कशाला? थोडं राबत्या घरातून बघा. आयोवातली निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते. मालक कोण, तर बरेचदा एखादी वृद्ध विधवा. तिला ताळेबंद वाचता येत नाही, रस्त्यावरून मात्र दिसतं. कुणाचं शेत तणविरहित, कुणाची यंत्रं धुतलेली, कुणाचं शेड रंगवलेलं. जुनी मोडकी यंत्रं घेऊन फिरणाऱ्याच्या हातून दीडशे एकर निसटतात. गावी कृषी सेवा केंद्रवाला खत-औषधं उधारीवर देताना दारात काय उभं आहे ते बघतो. आणि लग्न. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही आमच्या भागातली आजची सगळ्यात मोठी चिंता. पाहुणे पहिल्यांदा घर बघतात, मग संडास-बाथरूम, मग मुलाची गाडी, शेवटी मुलगा. सातबारा बघणारे विरळा. आधी बंगला, मग बोलणी. तो खर्च वाया घालवलेला नसतो, बी-खतासारखाच तो धंद्यात राहण्याचा खर्च असतो. मला त्या खर्चाचं कौतुक नाही, पण त्याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी आपल्या मुलीचं स्थळ बघताना काय बघितलं ते आठवावं.

हे सगळं आमच्या घरात गेल्या वर्षी अंगावर आलं. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली, दादा, मी, आणि न्यू जर्सीतली धाकटी. चार एकर. मुलींनी हक्कसोडपत्र करून द्यायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. ती पाळायची नाही, असं आम्ही दोघींनी आधीच दादाला सांगितलं होतं. महाराष्ट्रात मुलींना वडिलार्जित मालमत्तेत वाटा १९९४पासून आहे. तो लाजून सोडून देण्याचं मला कधी पटलेलं नाही. धाकटीच्या मुलीचं कॉलेज दोन वर्षांवर आलंय, घराचा हप्ता आहे, नवऱ्याची नोकरी जाऊन आली आहे. तिची गरज खरी आहे. तिने कुठून तरी ऐकलं की रस्त्याकडेला गुंठ्याला चार लाख मागतात. चार एकर म्हणजे एकशे साठ गुंठे.

"ताई, साडेसहा कोटी होतात! दारात ट्रॅक्टर आहे, दोन मजली बंगला आहे, आणि दादा म्हणतो मला खंडसुद्धा परवडत नाही?"

आमच्या ऑफिसात हे वाक्य मी इंग्रजीत अनेकदा ऐकलंय. शेतावर राहिलेल्या भावाबद्दल, शिकागोला गेलेल्या बहिणीच्या तोंडून. तिथे एकरी अकरा हजार डॉलर, इथे गुंठ्याला चार लाख. जो शेत कसतो त्याने भावंडांना त्या भावाने वाटा द्यायचा म्हटलं, तर पिकातून तो दोन पिढ्यांत फिटत नाही, मग जमीन विकावी लागते आणि कसणाराच उठतो. वाटा द्यायचा नाही म्हटलं, तर बाकीच्यांवर अन्याय. यातली शहाणी घरं एक करतात: आधी सगळ्यांच्या समोर वही उघडतात.

दादाला मी तेच सांगितलं. तो आधी चिडला. "बहिणींना हिशोब द्यायचा आता?" मग एका रविवारी त्याने व्हॉट्सअॅपवर फोटो टाकले. कारखान्याच्या बिलांच्या पावत्या, सोसायटीचं पासबुक, ट्रॅक्टरच्या कर्जाचा उतारा, आणि सातबारा. सातबाऱ्यावर सगळे आपलं नाव शोधतात. मी 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचते, बोजा तिथे लिहिलेला असतो.

तीन एकरांवर ऊस, एकरी पन्नास टन, तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला तीन हजार शंभर. चार लाख पासष्ट हजार. नांगरट, बेणं, खतं, औषधं, भांगलण, पाणीपट्टी धरून एकरी ऐंशी हजार खर्च. उरले सव्वादोन लाख, आणि आडसाली ऊस अठरा महिन्यांचा. महिन्याला साडेबारा हजार झाले, दादाची स्वतःची मजुरी न धरता. बंगल्याच्या फाटकावर नाव दादाचं आहे, हप्ता वहिनीच्या शाळेच्या पगारातून कापला जातो. ट्रॅक्टर ऊसवाहतुकीसाठी घेतलेला. कारखान्याकडून आगाऊ रक्कम घेऊन त्याने तोडणी टोळीच्या मुकादमाला उचल दिली होती. हंगाम सुरू झाला, टोळी आलीच नाही. मुकादमाचा फोन बंद. ट्रॅक्टरचा हप्ता, कारखान्याची आगाऊ रक्कम आणि बुडालेली उचल, तिन्ही एका वेळी दादाच्या डोक्यावर.

"ट्रॅक्टर माझा नाही गं," तो धाकटीला म्हणाला. "फायनान्सवाल्याचा आहे. मी नुसता ड्रायव्हर. रोज धुतो, कारण उद्या विकायची वेळ आली तर चार पैसे जास्त यावेत."

धाकटी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "आणि साडेसहा कोटी?"

तोही हिशोब मांडला. गुंठ्याला चार लाख हा भाव डांबरी रस्त्याला लागून असलेल्या जमिनीचा. आमचे तसे फक्त वीस गुंठे आहेत. आतल्या साडेतीन एकरांना तिथे जायला धड वाटही नाही, त्यांचा भाव त्याच्या आसपासही जात नाही. ते घेणारा शेतकरीच हवा, आणि तो उसाच्या उत्पन्नाच्या हिशोबानेच घेणार.

तीन रविवार बोलणं चाललं. एकदा आवाज चढले, एकदा वहिनी मध्येच उठून गेल्या. शेवटी ठरलं ते असं: रस्त्याकडचे वीस गुंठे एकत्र विकायचे आणि पैसे तिघांत सारखे वाटायचे. दादाने त्याच्या वाट्यातून आधी कारखान्याची रक्कम आणि ट्रॅक्टर मिटवायचा. आतली जमीन दादा कसेल, आमची नावं सातबाऱ्यावर राहतील. पुढे कधी दादाच्या मुलाला ती विकत घ्यावीशी वाटली तर भाव पिकाच्या उत्पन्नावरून धरायचा, रस्त्याच्या भावावरून नाही. आणि त्याला शेती करायची नसेल तर मग तिघांनी मिळून बाजारभावाने विकायची. हे सगळं स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यायचं, हा हट्ट माझा. आधी दादाला तो अपमान वाटला, नंतर म्हणाला, लिही.

वीस गुंठ्यांची हद्द कायम करायला त्याने मोजणीचा अर्ज भरला आहे. तारीख अजून मिळालेली नाही.